लाल रिबनीचं गिलकं

थांबा, हे मला आत्ताच सांगायचंय. हाताला माती आहे, मोबाईलची स्क्रीन पण मातीची झालीय, आई आतून ओरडून राहिली की चहावर साय धरली, पण आत्ता नाही लिहिलं तर मग मी कधीच लिहिणार नाही. आणि हे सगळं एका गिलक्याबद्दल आहे. हसू नका प्लीज.

गिलकं म्हणजे पुण्यामुंबईकडे ज्याला घोसाळं म्हणतात ते. ताई लग्न होऊन पुण्याला गेली ना, तर पहिल्याच आठवड्यात तिनं भाजीवाल्याला गिलकी मागितली. तो म्हणे, ताई, ते काय असतं? फोनवर सांगताना ती हसत होती. मग मध्येच हसणं थांबलं आणि म्हणाली, "इथं कुणाला गिलकंच माहीत नाही गं." आमच्याकडे तर गिलक्याच्या भज्यांशिवाय पितृपक्षाचं ताट पूर्ण होत नाही.

लालबागला, मुंबईच्या नाही, इकडच्या, आमच्या घरामागे एक पट्टी आहे. रुंदीला दोन खाटा टाकल्या की संपली, पण लांब आहे, थेट मागच्या भिंतीपर्यंत. ती पट्टी ताईची. म्हणजे कागदावर पप्पांची असेल, पण कुदळ ताईची, पाण्याचा पाईप ताईचा आणि ओरडायचा हक्क पण ताईचाच. ती आठवीत होती तेव्हा निंबोल्याला मामाच्या कुंपणावरून एक वाळकं गिलकं घेऊन आली. कानाशी खुळखुळ वाजवत बसमधून आणलं होतं तिनं. ते बी लावलं, त्याचा वेल झाला, त्या वेलाचं बी पुढच्या वर्षी, त्याचं त्याच्या पुढच्या. आमचं गिलकं आखूड आणि जाड, बाजारातल्यासारखं लांबडं नाही. चव पण वेगळी, गोडसर. खरंच सांगते, डोळे बांधून खायला दिलं तरी मी ओळखेन.

ताईचे नियम असायचे. वेलाच्या बुडाजवळचं तिसरं नाहीतर चौथं गिलकं बियासाठी राखायचं. त्याला लाल रिबन बांधायची, तिच्या शाळेच्या वेणीची. रिबन बांधली की त्याला पप्पांनी सुद्धा हात लावायचा नाही. ते वेलावरच पिकणार, पिवळं होणार, मग वाळून तपकिरी. मग ते तसंच अख्खं स्वयंपाकघराच्या खिडकीजवळ खिळ्याला टांगायचं, बी काढायचं नाही. बी आपल्या घरातच राहू दे, ताई म्हणायची, पावसाळ्याच्या तोंडावर काढू. आणि दुसरा नियम सगळ्यात कडक: कोवळ्या फळाला बोट दाखवायचं नाही. बोट दाखवलं की ते सडतं आणि गळतं. दाखवायचंच असेल तर बोट वाकडं करून, आकड्यासारखं. मी लहानपणी कितीदा मार खाल्लाय त्यावरून! मी उत्साहात "ताई ते बघ!" करून सरळ बोट करायची आणि ती धपकन हातावर मारायची. मग मला तेच बोट दातात धरायला लावायची. चावलं की दोष जातो म्हणे.

तर. या उन्हाळ्यात ताईचं लग्न झालं. जायच्या आदल्या दिवशी घरात पाहुणे, हलवाई, मेंदीवाली, एकदम गर्दी, आणि ही बाई मला हाताला धरून मागे घेऊन गेली. म्हणाली, "हे बघ, आता हे सगळं तुझं. मिरची मेली तर मरू दे, भेंडीला कीड लागली तर लागू दे. फक्त गिलक्याचं बी सांभाळ. एवढंच." मी म्हटलं हो गं, काय त्यात. खरं सांगू, मला तेव्हा तिच्या मेंदीकडेच बघावंसं वाटत होतं.

पाऊस आल्यावर मी खिळ्यावरचं गिलकं काढलं. त्याच्या टोकाचं झाकण उघडलेलं होतं, बी पण कमीच वाटलं. मला वाटलं उंदीर. चार बिया पुरतात, ताई नेहमी चारच लावायची. बाकीच्या डबीत, पुढच्या वर्षी नाही उगवलं तर. मी काय केलं? सगळ्या लावल्या. मला वाटलं जेवढ्या जास्त तेवढं भारी.

आणि झालं पण भारी! वेलाच्या मांडवावर नुसता पिवळा फुलोरा. श्रावण संपता संपता असं झालं की रोज सकाळी टोपली घेऊन जायचं आणि भरून आणायची. गिलकी, भेंडी, गवार, कारली. एक काकडी पानाखाली लपून एवढी मोठी झाली की पप्पा म्हणाले हिला आता शाळेत घालावं लागेल. मी रोज फोटो काढून ताईला टाकायची. टोपलीचा फोटो, कारल्याचा, माझा आणि काकडीचा. ती दहा दहा हार्ट टाकायची आणि शेवटी एकच विचारायची: "रिबनवालं कसंय?" मी बांधली होती रिबन! तिचीच जुनी, तिच्या कपाटात सापडलेली, तिच्या तेलाचा वास येत होता तिला. बांधताना मी ती थोडा वेळ नाकाला लावून बसले होते.

पितृपक्षाच्या पहिल्या चार-पाच दिवसांतच आमच्या बागेनं अख्खी गल्ली जेवली असेल. शेजारच्या काकू सकाळीच यायच्या, "काय वं, गिलकी उरली का?" आणि मी मोठ्या शेतकरणीसारखी, "घ्या ना काकू, लागतील तेवढी घ्या!" वेलावर एक कोवळं गिलकं ठेवलं नाही मी. सगळं तोडलं. रिबनवालं सोडून.

मग वेल थकला. पानं पिवळी, काही करपलेली, नवीन फूल नाही. आणि माझ्या डोक्यात हिवाळ्याची बाग सुरू झाली. दिवाळीला ताई-जिजू येणार, पहिला दिवाळसण, दहा दिवस राहणार असं ठरलं होतं. मला तोपर्यंत मेथी पाहिजे होती, पालक, कोथिंबीर, मुळे, लसणाची पात, भरताच्या वांग्याची रोपं तरी दिसली पाहिजे होती. ताईनं मागचं दार उघडलं की तिला असं वाटलं पाहिजे की ती गेलीच नव्हती. आई म्हणाली, "वेलाला दसऱ्यापर्यंत राहू दे, शेवटची दोन-चार येतात." पण मला जागा पाहिजे होती ना. रिबनवालं गिलकं चांगलं वाळलं होतं, खुळखुळ वाजत होतं. ते काढून घेतलं आणि एका दुपारी मी सगळा मांडव ओढून खाली पाडला. वेल बुडापासून उपटले. मामाकडून मोटरसायकलवर शेणखताचं पोतं आणवलं, माती खालवर केली, केळीची वाळकी पानं कडेला रचली. हाताला फोड आले, आणि मी इतकी खुश होते, इतकी खुश की त्याच जोशात ती घोडचूक केली.

झालं असं की ताई एकदा फोनवर म्हणाली होती, इथं अंघोळीला सगळं प्लास्टिकचंच मिळतं, आपल्या गिलक्याच्या घासणीची आठवण येते. आमच्याकडे वाळलेल्या गिलक्याच्या जाळीनंच अंग घासतात, आणि दिवाळीच्या पहाटे उटणं पण त्यानंच. मी म्हटलं, बास! ताईला पहिल्या दिवाळीचं गिफ्ट. तिच्याच वेलाची घासणी, तिच्याच रिबनीत बांधून. मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला, त्यातली बाई सांगत होती की गिलकं गरम पाण्यात उकळलं की साल पटकन निघते आणि जाळी पांढरीशुभ्र होते. मी पातेलं ठेवलं, सोडा टाकला, गिलकं टाकलं. अख्खं. चांगलं वीस मिनिटं खळखळ उकळलं.

साल एकदम मस्त निघाली. मी जाळी झटकत होते, आतून बिया पडत होत्या, काळ्याभोर, चकचकीत. आई भाजी घेऊन आत आली.

"काय करून राहिली?"

"ताईसाठी घासणी! बघ ना किती पांढरी झाली."

आईनं पातेल्यात पाहिलं. "बी आधी काढलं होतं ना?"

"निघतंय ना आता. बघ केवढं आहे."

आईनं पिशवी खाली ठेवली, पातेल्यातली एक बी उचलली, नखानं दाबली. मेणासारखी दबली ती.

"माय वं," आई म्हणाली. "उकळलेलं बी उगवतं का पोरी?"

तुम्हाला सांगते, मला कळायला पाच सेकंद लागले. मग मी तिथंच खाली बसले. डबीत काही नाही, सगळ्या लावल्या होत्या. वेलावर काही नाही, वेलच नाही. मी धावत मागे गेले, उपटलेल्या वेलांच्या ढिगात एकेक पान उलटून पाहिलं. काहीच नव्हतं, मीच तर तोडलं होतं सगळं, काकूंना, आत्याला, पप्पांच्या शाळेतल्या सरांना, लागतील तेवढी घ्या म्हणून.

पप्पा म्हणाले, "अगं, बाजारात पाकीट मिळतं. गिलकं ते गिलकं." मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पेपर घेऊन पुढच्या खोलीत गेले. मामाला फोन केला, तर मामा म्हणे ते कुंपण कधीच काढलं, आता तारेचं आहे. शेजारच्या काकू दोन वर्षं आमचंच बी लावायच्या, पण त्यांनी यंदा गाडीसाठी अंगणात सिमेंट केलं. मी वेड्यासारखं त्यातल्या आठ उकळलेल्या बिया एका कपात मातीत लावून पण बघितल्या. लगदा झाला.

आठ दिवस मी ताईला सांगितलं नाही. ती व्हिडिओ कॉल करायची, मी स्वयंपाकघरात बसून बोलायची. "मागे जा ना, बाग दाखव." "अगं अंधार पडला." "रिबनवालं दाखव ना." "नेटवर्क जातंय मागे." कधी मागे नेटवर्क गेलंय आमच्याकडे? तिला कळलं असणार काहीतरी. नवरात्रात आई घटासाठी आमच्याच पट्टीतली माती घेऊन गेली. मी एकटी मागे उभी होते, काळी मोकळी जमीन, एक पान नाही. आणि मला ताईची इतकी आठवण आली ना, तशी ती गेली त्या दिवशी पण आली नव्हती. तेव्हा तरी तिची एक गोष्ट घरात होती, खिळ्याला टांगलेली. आता खिळाच होता नुसता.

मी तिथूनच फोन लावला. कॅमेरा त्या रिकाम्या जमिनीकडे केला आणि सगळं एका श्वासात सांगून टाकलं. घासणी, सोडा, वीस मिनिटं, सगळं.

मग मी म्हटलं, "आवाज येतोय का?"

"येतोय," ती म्हणाली. "एक मिनट थांब."

तिचा फोन हलायला लागला. खोली, दार, मग गॅलरी. चौथा मजला, समोर दुसऱ्या बिल्डिंगच्या गॅलऱ्या, वाळत घातलेले कपडे. आणि कोपऱ्यात पेंटची रिकामी बादली, त्यातून सुतळीवर चढलेला वेल. पिवळी फुलं. मी ते पान ओळखलं. मी शपथेवर सांगते, फुलाच्या आधी पान ओळखलं.

"ताई!!"

"ओरडू नको, शेजारचे बघतील."

"तो उंदीर तू होतीस?"

मग ती हसली आणि रडली, दोन्ही सोबत. लग्नाच्या आदल्या दिवशी, मला ते सगळं भाषण देऊन झाल्यावर, तिनंच खिळ्यावरच्या गिलक्याचं टोक उघडून बिया काढल्या होत्या. ब्लाउजच्या कापडात गाठ मारून शालूच्या पिशवीत ठेवल्या. "तुला म्हटलं होतं ना, हे सगळं तुझं. आणि मग मीच चोरून आणल्या. सांगायची लाज वाटली. आणि अगं, आपल्यासारखं होतच नाही इथं. फुलं येतात, गळून जातात. एक गिलकं लागलं नाही आत्तापर्यंत."

म्हणजे ती पण माझ्यापासून लपवत होती. मी घरी बसून, ती तिथं बसून, दोघी एकाच गिलक्यावरून.

मी म्हटलं, "चौथ्या मजल्यावर मधमाशी येते का?"

"कबुतरं येतात फक्त."

मग काय! दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आमचा कॉल. ज्या ताईनं मला लहानपणी नर फूल कुठलं आणि मादी फूल कुठलं हे शिकवलं, त्याच ताईला मी स्क्रीनवरून सांगत होते. नर फूल तोड, पाकळ्या काढ, आणि मादी फुलाला, ज्याच्या मागे एवढंसं बाळगिलकं असतं ना, त्याला हळूच लाव. जिजू मागून दात घासत आले. "हे काय चाललंय पहाटे पहाटे?" ताई म्हणाली, "लग्न लावतोय." जिजू म्हणाले, "मग अक्षता कुठेत?" आणि खरंच आतून तांदूळ आणून बादलीत टाकले त्यांनी. बावळट माणूस आहे, पण चांगला आहे.

पहिलं गळलं, दुसरं पण. रोज सकाळी सात वाजता कॉल, आणि रोज मी आधी तिचा चेहरा बघायची, तिथंच कळायचं. तिसरं टिकलं. चार दिवसांपूर्वी ते बोटाएवढं होतं. आज सकाळी, म्हणजे आत्ता, अर्ध्या तासापूर्वी, तिनं कॅमेरा जवळ नेला तर चक्क मनगटाएवढं जाड, तस्संच आखूड, आपलं! मी आनंदानं स्क्रीनवर बोट ठेवून ओरडले, "ताई ते बघ!"

"बोट!!" ताई तिकडून किंचाळली. "बोट वाकडं कर! चाव ते आधी!"

पुण्याहून! स्क्रीनमधून! आणि मी चावलं पण, मातीसकट. दोघी हसून हसून मेलो. मग तिनं मिठाईच्या डब्याची लाल रिबन आणून त्याला बांधली.

आणि मग ती हळू आवाजात म्हणाली, "ऐक ना. हे वाळायला महिना-दीड महिना लागेल. दिवाळीत दहा दिवस बादली कोरडी राहिली तर संपलंच. इथं आम्ही कुणाला ओळखत पण नाही, चावी कुणाला देणार? ह्यांनी बाटली उलटी टांगून पाहिलंय, थेंब थेंब पाणी चार दिवस पुरतं. त्याच्या पुढे नाही." मग म्हणाली, "तू सांग. चार दिवस येऊ का दहा?"

मला म्हणायचं होतं, मरू दे ते गिलकं, तू ये. तोंडापर्यंत आलं होतं. बी पाहिजे कशाला मला? ती पाहिजे म्हणूनच ना? पण मी त्या रिबनीकडे बघत होते. दहा दिवस राहून ताई परत गेली की मग पुढच्या पावसाळ्यात माझ्याकडे मागच्या पट्टीत काय असणार, पाकिटातलं लांबडं गिलकं?

मी म्हटलं, "चार दिवस ये. पण बी आणशील तेव्हा स्वतः घेऊन ये. कुरिअर करायचं नाही."

तिनं मान हलवली आणि बाय म्हणता म्हणता फोन ठेवला. आणि मी तेव्हापासून मागेच आहे. मेथी पेरली. दहा वाफे आखले होते मी, दर दिवशी एक कोवळा वाफा तिच्यासाठी. आता चारच पेरले. बाकीच्या सहांमध्ये लसूण लावीन, त्याला घाई नसते.

ओल्या मातीवर बसून हे लिहून राहिली आहे. आई परत हाक मारतेय. पण आधी मला सांगा ना, तुमच्यासोबत पण असं झालंय का कधी? म्हणजे माणूसच पाहिजे होता आणि तुम्ही दुसरंच काहीतरी मागून बसलात?